आज रात्री घड्याळ एक तास पुढे

चि. पाचसाब यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जहाजावर इंजिन रूममधल्या सगळ्यांत धाकट्या इंजिनिअरला, म्हणजे तुला, याच नावानं हाक मारत असतील, म्हणून मीही तीच मारतो. दो साब, तीन साब, चार साब आणि सगळ्यांच्या खाली पाचसाब. मी बडासाब, म्हणजे चीफ इंजिनिअर, होऊन निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली, पण अजूनही स्वप्नात मला कुणी हाक मारतं ते पाचसाब म्हणूनच. आणि मारतं तेही बिल्ज, म्हणजे तळाशी साचलेलं घाण पाणी, उपसायलाच.

परवा वहिनींचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. इकडची तिकडची चौकशी झाली, मग म्हणाल्या, "भावजी, तो घरात आहे हो, पण आलेला नाही." याहून जास्त त्यांना सांगता येईना. त्याच रात्री पावणेतीनला तुझा मेसेज आला. झोप येत नाही, सगळ्यांवर खेकसतो, जहाजावर होतो तेव्हा घरी यावंसं वाटत होतं आणि आता परत जहाजावर जावंसं वाटतंय, हे नॉर्मल आहे का? पावणेतीनला मीही जागाच होतो. माझं कारण वेगळं, त्याला प्रोस्टेट म्हणतात. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण असल्या प्रश्नाला दोन ओळींत 'हो, नॉर्मल आहे' म्हटलं की माणूस आणखी एकटा पडतो. म्हणून पत्र लिहितोय.

आधी झोपेचा हिशेब करू, कारण तेवढा तरी करता येतो. तू ब्राझीलमध्ये सान्तोसला साइन ऑफ झालास, म्हणजे करार संपवून उतरलास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. विमानानं हे साडेआठ तास एका प्रवासात गिळले, शरीराला ते जमत नाही. शरीर ढोबळमानानं दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेकडे येताना तर कुरकुरतच सरकतं, कारण आपल्या आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांहून किंचित जास्तीचं असतं. त्याला दिवस लांबवणं सोपं, आखडणं अवघड. हे तू जहाजावर पाहिलेलं आहेस. पश्चिमेला जाताना मेसच्या बोर्डावर 'आज रात्री घड्याळ एक तास मागे' लागलं की सगळ्यांचे चेहरे फुललेले, एक तास फुकटची झोप. 'एक तास पुढे' लागलं की बोसनपासून कुकपर्यंत सगळ्यांची तोंडं वाकडी. पण ब्राझीलहून चीनला निघालेलं जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून महिन्याहून जास्त वेळ घेतं आणि तेवढ्यात अकरा वेळा घड्याळ पुढे करतं. चिडचिड होते, पण कुणी आडवा पडत नाही. तास तासानं आलेली पूर्व पचते.

तर साडेआठ तासांना नऊ दिवस. तुला येऊन आज अकरा दिवस झाले. दिवसा ऊन अंगावर घेतलं असतंस आणि दुपारी चार-चार तास लोळला नसतास तर आणखी लवकर झालं असतं, पण ते असो. सांगायचं एवढंच की जेट लॅगचं खातं आता बंद झालंय. जे उरलंय ते त्याच्या माथी मारू नकोस.

उरलंय त्याची गोष्ट सांगतो. १९८५ सालचा मे महिना. तेरा महिन्यांनी मी कराडला घरी आलो होतो. आठवा-नववा दिवस असेल. रात्री दोनच्या सुमाराला पंखा थांबला. बस, तेवढंच. पंखा थांबला आणि मी पलंगावरून उडी मारून अनवाणी पळत सुटलो. माजघर, ओटी, दाराची कडी, बाहेरचा बोळ. बनियन आणि लुंगीवर. बोळाच्या टोकाला शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली असायची, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा कळलं की मी इंजिन रूमचा दरवाजा शोधतोय. हात पुढे करून तो उघडायच्या बेतात होतो. म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करत होती. मागून आमचे आबा काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं चोर. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "ब्लॅकआउट." आबा दोन क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, "लाईट गेलीय. कराडात जाते. सकाळी येते. चल, झोप."

तुला हे समजावून सांगायला नको. जहाजावर सगळं गुणगुणत असतं तोवर माणूस कसाही झोपतो. मेन इंजिनच्या ठोक्यावर, जनरेटरच्या घरघरीवर, डोक्यावरच्या व्हेंटिलेशनच्या फुसफुशीवर. झोप उडते ती शांततेनं. शांतता म्हणजे काहीतरी बंद पडलंय, आणि बंद पडलंय म्हणजे पळ. नऊ महिने तुझ्या कानांना हे शिकवलंय. आता तुझी आई प्रेमानं खोलीचं दार लोटून घेते, टीव्ही बंद करते, शेजारच्या पोरांना दटावते, 'दादा झोपलाय', आणि तू त्या शांततेत डोळे टक्क उघडे ठेवून वाट बघत पडतोस. कशाची, ते तिला कसं कळणार?

आणि चिडचिडीबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मी एकटाच हसलो. मी काय केलं होतं माहीत आहे? घरी आल्याच्या चौथ्या दिवशी मी घराचं इन्स्पेक्शन केलं. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. विहिरीवरच्या मोटारीचं ग्लँड गळत होतं, ते उघडून बसलो, आणि दुपारी सगळ्या घराला पाणी नाही. वर आबांना एका कागदावर मोटार चालू-बंद करायच्या सूचना लिहून दिल्या, क्रमांक घालून. आबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे जहाज नाही, आणि तू अजून बडासाबही नाहीस." आईनं डब्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच राहू दिल्या. फक्त डाळीच्या डब्यात साखर आणि साखरेच्या डब्यात शेंगदाणे भरले. मुद्दाम की सवयीनं, शेवटपर्यंत कळलं नाही.

यामागचं कारण तुझं तुला शोधत बसावं लागू नये म्हणून सांगून टाकतो. तिथं तू लागतोस. सगळ्यांत खालचा असलास तरी तेल शुद्ध करायचा प्युरिफायर तुझ्या नावावर होता, रात्री अलार्म वाजला तर तुझ्या केबिनमध्ये वाजत होता. इथं आई तुला ताटही उचलू देत नाही. बाबा बँकेत एकटे जातात, 'तू आराम कर' म्हणतात. आराम कर, आराम कर, आराम कर. नऊ महिने दिवसाला दहा-बारा तास राबलेल्या माणसाला कुणी दिवसभर आराम कर म्हटलं की त्याला ऐकू येतं, तुझं इथं काही काम नाही. ते असं म्हणत नाहीत. पण ऐकू तसं येतं.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या वेळी नव्हती. आम्ही तेरा महिने गायब असायचो. पत्र एजंटकडे यायचं, तेही दोन बंदरं चुकवून. जून महिन्यात लिहिलेलं 'पाऊस सुरू झाला' आम्ही ऑगस्टमध्ये वाचायचो. म्हणून परत आलो की घरच्यांना पक्कं ठाऊक असायचं, हा माणूस लांबून आलाय, जरा बिचकूनच असायचे. तू मात्र रोज व्हिडिओ कॉलवर. जहाजावर इंटरनेट देण्याची तरतूद आता सागरी कामगार कराराच्या नियमांतही आली आहे, डिसेंबर २०२४ पासून, आणि चांगलंच झालं. पण त्यामुळे तुझ्या घरच्यांच्या लेखी तू गेलाच नव्हतास. दिवाळीला फोन टेबलावर उभा करून तुला फराळ दाखवला, तुझ्या बहिणीचं केळवण तू मेसमध्ये बसून पाहिलंस. त्यांनी तुझा हसरा चेहरा पाहिला, मागचा पांढरा बल्कहेड, म्हणजे जहाजाची भिंत, पाहिला. सहा महिन्यांचा करार नऊवर गेला, रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, आज येतो उद्या येतो म्हणत प्रत्येक बंदरात तुझी बॅग भरलेली आणि परत उपसलेली, हे त्यांनी पाहिलं नाही, कारण तू दाखवलं नाहीस. मी असतो तर मीही दाखवलं नसतं. मग जो गेलाच नाही, त्याला परत येऊन रुळायला वेळ कशाला लागेल, असं त्यांना वाटलं तर त्यांची काय चूक?

रिलीव्हरवरून आठवलं. २०२० साली चार लाखांवर दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, करोनामुळे कुठलंच बंदर उतरवून घेईना. माझ्या ओळखीतला एक पोरगा त्यात होता. तो उतरला तेव्हा घरच्यांनी गल्लीत बँड लावला. बँड ऐकून तो गच्चीवर जाऊन बसला, जेवायलाही खाली येईना. हे सांगतोय ते 'बघ, त्याचं तुझ्याहून वाईट होतं' म्हणून नाही, तसल्या तुलनांनी कुणाला कधी झोप लागलेली नाही. सांगतोय ते यासाठी की मोठ्या स्वागतानं माणूस लवकर घरी पोचत नाही, उलट उशीर होतो.

आता सल्ला, ज्यासाठी तू लिहिलंस. चार-पाच दिवस कुठंतरी जा. घरापासून लांब नाही, घराबाहेर. जहाज लांबून आलं की थेट धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगर टाकतं, पायलटची वाट बघतं, कधी कधी आठवडाभर. शहराचे दिवे दिसतात, मोबाईलला रेंज येते, पण अजून कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. नवखी पोरं वैतागतात. जुने लोक त्या दिवसांत कपडे धुतात, दाढी करतात, कागद लावतात. तुला विमानानं तो बाहेरचा नांगर टाकूच दिला नाही. तो आता टाक.

आता का, आल्या आल्या का नाही, असं विचारशील. आल्या आल्या गेला असतास तर ते दिवस झोपेच्या उलट्यासुलट्या वेळांत वाया गेले असते. शिवाय नऊ महिन्यांनी आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी बॅग उचलून निघाला तर आईला काय वाटेल? पहिले आठ-दहा दिवस घराचे. आईचं मनातलं सगळं रांधून होऊ दे, सगळ्या आत्या-मावश्या येऊन जाऊ देत, प्रत्येकाचं 'किती दिवस आहेस? परत कधी?' विचारून होऊ दे. (या प्रश्नाचा राग येतो ना? मलाही यायचा. आलो नाही तोवर जाण्याचं विचारतात. त्याला एकच उत्तर ठेव, 'अजून ठरलं नाही', आणि पोह्यांची बशी पुढे कर.) ते सगळं आता आटोपलंय. हीच वेळ.

मित्रांचा तो गोव्याचा बेत मात्र आत्ता नको. पोरं चांगली आहेत, मी ओळखतो. पण तुझ्या मागे त्यांचे नऊ महिने झालेत आणि त्यांना तुझ्या नऊ महिन्यांची गंमत हवी आहे: किती देश, किती डॉलर, पोरी कशा, वादळ आलं का? दोन दिवसांत तू एक तर खोटं बोलायला लागशील नाही तर गप्प होशील, आणि बिल तूच देशील. गोवा पळून जात नाही, जानेवारीत जा. आणि ते बँकॉकचं पॅकेज तर अजिबात नको. आत्ता तुला आणखी एक इमिग्रेशनची रांग लावायची आहे का, खरं सांग?

समुद्रही नको. हे माझं वैयक्तिक मत समज. कोकणातली माझी मित्रमंडळी यावर माझ्याशी भांडतात. पण किनाऱ्यावर उभा राहिलास तर तू क्षितिजावर जहाज शोधशील, दिसलं की ते बल्कर आहे की टँकर ते बघशील, आणि ते बॅलास्टमध्ये आहे की भरलेलं यावर तासभर घालवशील. ती विश्रांती नव्हे, तो वॉच झाला. नदीवर जा. नदी एकाच बाजूला जाते, तिला भरती-ओहोटी नाही, तिच्यावर तुझं काही काम नाही.

मी वाईला गेलो होतो. त्या म्हशीच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी आई म्हणाली, "मावशीचा गुडघा धरलाय, बघून ये, दोन दिवस राहा." मी खुशीनं नाही, कर्तव्य म्हणून गेलो. मावशीच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. ती गणपती आळीतून भाजीची पिशवी घेऊन माझ्याआधी घरी पोचायची. आईनं तिला आधीच पत्र टाकलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. वहिनींचा परवाचा फोन आला तेव्हा मला ते पत्रच आठवलं.

मावशीनं मला काही विचारलं नाही. सकाळी चहा, मग 'जा घाटावर'. दुपारी जेवण, मग 'जा घाटावर'. पहिल्या दिवशी मी घाटाच्या पायऱ्या मोजल्या, दुसऱ्या दिवशी कुठली पायरी खचलीय ते पाहिलं. इन्स्पेक्शनची सवय. तिसऱ्या दिवशी ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागच्या बाजूला गेलो. पुढून आपण सगळेच ते पाहतो, एवढा थोरला एका दगडातला गणपती. मागून कुणी पाहत नाही. त्या देवळाची नदीकडची मागची भिंत सरळ नाही, ती निमुळती होत माशासारखी, होडीच्या नाळेसारखी पुढे आली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फाटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं, भिंतीवर धडकत नाही. पेशवाईतल्या रास्त्यांच्या वेळच्या कुणा गवंड्यानं बल्बस बो, म्हणजे आताच्या जहाजांच्या नाळेखालचा फुगवटा, न बघता हे बांधलं. मी त्या दगडी नाळेला हात लावून बराच वेळ उभा होतो. नांगरलेलं जहाज, आणि आत गणपती बसलेला. घरी आल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "हो का? पन्नास वर्षं इथं राहते, मागं कधी गेलेच नाही."

आणि झोप. ती चौथ्या दिवशी दुपारी आली. घाटावर तीन-चार बाया धुणं धूत होत्या. लुगडी पिळून दगडावर आपटण्याचा आवाज, एकीचा संपतो तो दुसरीचा, ठप्, ठप्, ठप्. मी पिंपळाच्या सावलीत वरच्या पायरीवर बसलो होतो. सवयीनं ठोके मोजायला लागलो. मिनिटाला नव्वदच्या आसपास. आमचं मेन इंजिन फुल अहेडला पंच्याण्णववर चालायचं. तेवढं कळलं आणि पुढचं काही कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या काठावर गेलं होतं, बाया केव्हाच गेल्या होत्या, ओले दगड वाळले होते. म्हणजे आवाज थांबला तरी मी उठून पळालो नव्हतो. चार तास.

म्हणून तुलाही वाईच सुचवतो. माझी मावशी आता नाही, पण गावात जुन्या वाड्यांतून खोल्या मिळतात, मी एकाशी बोलून ठेवलंय. पुण्याहून जवळ आहे हे मुख्य. चार रात्री राहा, सोमवार ते शुक्रवार. शनिवारी-रविवारी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या पसरणी घाटाच्या पायथ्यापासून हॉर्न वाजवत उभ्या असतात, ते दिवस टाळ. एकाच जागी राहा. 'इतकं आलोच आहे तर पाचगणी, मग प्रतापगड, मग कास' असलं काही करू नकोस. नऊ महिन्यांत किती बंदरं केलीस? पुरे झाली.

एक दिवस चालत मेणवलीला जा, तीन-एक किलोमीटर आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली चंद्रकोरीसारखा घाट. सिनेमाचं शूटिंग चालू असेल तर दुसऱ्या दिवशी जा, असतं बऱ्याचदा. घाटावर महादेवाच्या देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीजांची, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची. चर्चसाठी ओतलेली घंटा, समुद्राकाठच्या किल्ल्यातून निघून घाट चढून इथं आली आणि कित्येक पिढ्या महादेवाच्या शेजारी लटकते आहे. मी तिच्याकडे बघून दर वेळी म्हणतो, ही रुळली का इथं? काही ठरवता येत नाही. तू बघ आणि मला सांग.

बाकी दिवसभर काय करायचं हे मी सांगणार नाही. सांगितलं तर तू चेकलिस्ट करशील. फक्त पहाटे उठ आणि ऊन अंगावर घे, आत्ता कार्तिकात नदीवर धुकं असतं, स्वेटर ने. तिन्ही वेळा हॉटेलात जेवू नकोस, वाड्यातल्या काकू पिठलं-भाकरी करून देतात. फोन बंद कर असंही सांगणार नाही, तुमच्या पिढीला ते उपोषणासारखं होतं आणि सारं लक्ष फोनकडेच लागून राहतं. जहाजावरच्या ग्रुपमधून मात्र चार दिवस बाहेर राहा. तुझ्या जागी आलेल्या पोरानं प्युरिफायरची काय वाट लावली हे कळून तुला काय करायचंय? हँडओव्हर नोट दिलीस ना? संपलं तुझं काम.

पहिले दोन दिवस एकटा राहा. तिसऱ्या दिवशी आई-बाबांना बोलावून घे. हे मी केलं नव्हतं, ते राहून गेलं. घरात आई म्हणजे स्वयंपाकघर आणि बाबा म्हणजे वर्तमानपत्र असतं. बाहेरच्या खोलीत, जिथं आईला गॅस पेटवायचा नाही आणि बाबांना पेपर मिळायला नऊ वाजतात, तिथं ती दोघं निराळी माणसं असतात. घाटावर बसवून त्यांना एखादी गोष्ट सांग. सगळं नको. भरलेली आणि उपसलेली बॅग सांग, तेवढीच पुरे. आणि आईला निघताना खरं कारण सांगून निघ. 'कंटाळा आलाय' म्हणू नकोस, तिला वाटेल तिचाच आलाय. 'झोप नीट लागत नाही, चार दिवस नदीकाठी जाऊन येतो, बुधवारी तुम्ही या' एवढं म्हण. वहिनी समजतील. मला फोन केला तेव्हाच त्यांना समजलेलं होतं.

दोन फुटकळ गोष्टी, नंतर विसरायला होतं. सीडीसीवरच्या, म्हणजे दर्यावर्दीच्या नोंदवहीवरच्या, साइन ऑन, साइन ऑफच्या शिक्क्यांच्या आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या पानांची झेरॉक्स काढून ठेव. भारतात वर्षातले १८२ दिवस भरले की कराच्या दृष्टीनं तू रहिवासी, तेव्हा दिवस मोजायला शिक, पण मोजणी मार्चमध्ये कर, रोज सकाळी नको. आणि पहिल्या करारातले सगळे पैसे बुलेटमध्ये घालू नकोस. अर्धे घातलेस तर मी काही बोलणार नाही, मीही १९८५ मध्ये राजदूत घेतलीच होती.

एक मात्र गंभीरपणे. वाईहून आल्यावर आणखी दोन-तीन आठवड्यांनीही झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, असं राहिलं, तर डॉक्टरकडे जा. पुढच्या मेडिकलमध्ये अडचण येईल म्हणून पोरं लपवतात आणि तेच घेऊन परत चढतात. तिथं मध्यरात्री अटलांटिकमध्ये कुठला डॉक्टर आणणार? मला सांग, मी बरोबर येईन.

सोमवारी सकाळी स्वारगेटहून एसटीनं निघ. गाडी नको, चालवत जाशील तर सगळ्या रस्त्याचे दोष काढत जाशील. खंबाटकी उतरल्यावर सुरूर फाट्याला एसटी आत वळते, मग दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. खिडकीशी बस. मी साताऱ्याहून गुरुवारी दुपारी येतो, तुझे आई-बाबा असतीलच, चौघं मिळून देवळाच्या मागच्या बाजूला जाऊ.

तुझा,
काका

ता. क. वाईतही रात्री लाईट जाते. पळायचंच झालं तर चप्पल घालून पळ, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळं आहे.